जोड, चढण आणि न्याय



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या नावाने बोलावयाचे, तर विषय संतवाङ्मयाचा असावा, निदान व्याकरणाचा असावा, अशी संयोजकांची स्वाभाविक अपेक्षा होती. मोबाइलवरील खेळांविषयी बोलण्याची इच्छा मी दूरध्वनीवरून व्यक्त केली तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. नंतर अत्यंत अदबीने, "सर, विषय नक्की तोच ना?" असा प्रश्न आला. विषय नक्की तोच आहे. आयुष्यभर मराठी शिकविणाऱ्या माणसाने या प्रांतात का शिरावे, याचा खुलासा मात्र आरंभीच केला पाहिजे.

गेल्या वर्षी मी येथे गोडादऱ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे चार दिवस मुक्कामास होतो. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या पट्ट्यात खानदेशातून आलेली आपली कुटुंबे किती आहेत हे या सभागृहाला सांगण्याची आवश्यकता नाही. माझा विद्यार्थीही तिकडलाच. लूम्सच्या खात्यात कामास आहे. त्याचा मुलगा नववीत शिकतो. एका रात्री साडेअकराच्या सुमारास त्या मुलाने हातातला मोबाइल गादीवर आपटला आणि भिंतीकडे तोंड करून तो बसून राहिला. मी विचारले, "काय रे, हरलास वाटते?" तो म्हणाला, "हरलो म्हणून नाही चिडलो, सर. मी वाढलो म्हणून हरलो."

या वाक्याने माझी झोप उडाली. वाढल्यामुळे हरणे, हा काय प्रकार आहे? दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशेजारी बसून तो खेळ समजून घेतला. समजावयास दोन दिवस लागले, हे कबूल केले पाहिजे. त्या दोन दिवसांत मला जे उमगले तेच आज आपल्यापुढे मांडीत आहे.

या खेळांत खेळणारा आपला एक संघ बाळगतो. रोज थोडा वेळ देऊन तो त्या संघाची ताकद वाढवितो आणि त्याची 'लेव्हल' चढत जाते. अधूनमधून सात दिवसांची किंवा दहा दिवसांची स्पर्धा लागते. तिला मुले 'इव्हेंट' म्हणतात. तीत सर्वांना गुण मिळतात, क्रम लागतो आणि वरच्या क्रमांकांना बक्षिसे मिळतात. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही. खरी मेख पुढे आहे. या स्पर्धेतील शत्रू सर्वांना सारखे नसतात. आपली ताकद मोजून त्या मानाने आपल्यासमोर शत्रू उभा केला जातो. आपण वाढलो की तोही वाढतो, आणि बहुधा आपल्याहून थोडा अधिक वाढतो.

केवळ समजण्यापुरते आकडे घेऊ. आपली ताकद १०० असताना समोरच्याची ८० आहे. आपण महिनाभर कष्ट करून ताकद १५० केली, तर स्पर्धेच्या दिवशी समोर १३५ चा शत्रू उभा राहतो. पूर्वी तो आपल्या चार पंचमांश होता, आता नऊ दशांश झाला. आपण दीडपट झालो आणि लढत मात्र अवघड झाली. तिकडे वर्गातला दुसरा मुलगा, ज्याने महिनाभर संघाला हातही लावला नाही, तो १०० वरच राहिला. त्याच्यासमोर ८० चाच शत्रू आहे. गुणांच्या यादीत मात्र दोघांचे नाव एकाच स्तंभात, एकाच मापाने. आमच्या नववीतल्या मुलाचे दुःख ते हे होते.

चढण वाढणे हा खेळाचा दोष नव्हे, हे आधी स्पष्ट करावयास हवे, नाहीतर मी सोप्या खेळांची वकिली करीत आहे असा समज व्हावयाचा. चढण नसेल तर खेळच नाही. मिहाय चिक्सेंटमिहायी या हंगेरियन वंशाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडलेला विचार असा की, माणसाचे कौशल्य आणि समोरचे आव्हान यांचा मेळ बसतो तेव्हा तो कामात रंगून जातो; आव्हान तोकडे पडले तर कंटाळा येतो आणि झेपेनासे झाले तर चिंता ग्रासते. खेळ रचणाऱ्यांनी हा विचार केव्हाच आत्मसात केला आहे. खेळणाऱ्याच्या कामगिरीवरून शत्रूंचा जोर वाढविणारा 'झॅनॅक' नावाचा जपानी खेळ १९८६ सालचा आहे. म्हणजे कल्पना आजची नव्हे.

आपल्या मातीत तर ती फार जुनी आहे. यात्रेतील कुस्त्यांचा फड आठवावा. सकाळी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात. ऊन उतरेल तशी जोड वाढत जाते, आणि शेवटची मानाची कुस्ती चांदीच्या कड्यावर नाहीतर गदेवर. जोड लावणे ही स्वतंत्र विद्या आहे. पंच दोन मल्लांना शेजारी उभे करतात, त्यांचे खांदे पाहतात, मागच्या यात्रेत कोणी कोणास चीत केले ते आठवतात आणि मग हात धरून दोघांना फडभर फिरवितात. हे फिरविणे मला फार महत्त्वाचे वाटते. जोड बरोबर नसेल तर लोक तेथेच ओरडतात, "जोड जमत नाही!" आणि पंचांना ती मोडावी लागते. लहानपणी मी अशी मोडलेली जोड पाहिली आहे. हिरमुसलेला तो धिप्पाड गडी मला अजून दिसतो. दुबळ्याशी लढून सहज नारळ मिळविण्याचा त्याचा बेत लोकांनी हाणून पाडला होता.

फडात तोडीस तोड जोड मिळते. पण जो थोर मल्लाशी लढतो त्याचे बक्षीसही थोर असते. रेवडीवाल्या पोराला आणि गदेवाल्या पैलवानाला एकाच यादीत बसवून, दोघांनीही एकेक कुस्ती जिंकली म्हणून दोघे सारखे, असे कोणी म्हणत नाही. मोबाइलवरच्या त्या स्पर्धेत नेमके तेच म्हटले जाते.

दुसरे उदाहरण मोक्षपटाचे. परंपरा या पटाचे कर्तृत्व ज्ञानेश्वरांकडे देते. तो वाद आज बाजूला ठेवू. सापशिडीचा हा पूर्वज कठीण खरा, पण त्यातला साप सर्वांना सारखा आहे. सोंगटी कोणाची आहे हे पाहून तो आपले तोंड पुढे-मागे सरकवीत नाही. म्हणून साप गिळतो तेव्हा पोरे हसतात. माझ्या यजमानांकडचा मुलगा हसत नव्हता, कारण त्याचा साप त्याला ओळखत होता.

ही तक्रार केवळ आमच्या नववीतल्या मुलाची आहे असेही नाही. 'द एल्डर स्क्रोल्स'मालेतील 'ऑब्लिव्हियन' हा अमेरिकन खेळ २००६ साली आला. तो नावाजला गेला, खूप खेळलाही गेला. पण त्यातील एका गोष्टीने खेळणारे वैतागले. नायकाची पातळी वाढली की जगातील शत्रूही त्या प्रमाणात वाढत. पुढे पुढे तर रस्त्यावरचे भुरटे लुटारू राजेरजवाड्यांना परवडावे असे मौल्यवान चिलखत घालून समोर येत आणि तरीही वाटसरूकडे किरकोळ नाणी मागत! ज्याच्या अंगावर एवढी दौलत आहे तो वाटमारी का करील, हा साधा प्रश्न खेळणाऱ्यांनी विचारला. त्याहून गमतीची गोष्ट अशी की काही चतुर मंडळींनी एक युक्ती शोधली: पातळी वाढवावयाचीच नाही. या खेळात झोप घेतल्यावर पातळी चढते. तेव्हा ते नायकाला झोपूच देईनात. वाढ टाळणे हाच तेथे विजयाचा मार्ग ठरला.

इंग्रजीत अशा लपविण्यास 'सँडबॅगिंग' म्हणतात. घोड्यांच्या शर्यती पाहणाऱ्यांना हा प्रकार परका नाही. सरस घोड्यावर अधिक वजन आणि निरस घोड्यावर कमी वजन ठेवून शर्यत चुरशीची करावयाची, ही हँडिकॅपची पद्धत. मग पुढच्या खेपेस वजन कमी पडावे म्हणून आज घोडा मुद्दाम ओढून धरणारेही निघतात, आणि त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी अधिकारी नेमावे लागतात. तरी एक गोष्ट तेथे सांभाळलेली असते. कोणत्या घोड्यावर किती वजन आहे ते शर्यतीपूर्वी छापून प्रत्येकाच्या हाती दिलेले असते.

आता मी खेळाच्या मैदानातून आपल्या सुरतेच्या खात्यात येतो. मुलाने मला आकडे दाखविले तेव्हा त्याचे वडील रात्रपाळीला निघण्यापूर्वी जेवत होते. त्यांनी सारे ऐकले आणि म्हणाले, "सर, हे तर आमच्या मीटरसारखंच झालं." येथील लूमवरच्या कारागिराला मीटरवर मजुरी मिळते हे आपण जाणता. मीटरवर मजुरी म्हणजे अधिक कष्टाला अधिक दाम. वरकरणी याहून न्याय्य काय असेल? परंतु कारागिराच्या मनात एक भय सदैव असते: आज मी जीव तोडून जास्त काढले, तर उद्या तेवढे काढणे हेच माप ठरेल आणि भाव उतरेल.

हे भय जगभरच्या कामगारांनी अनुभवले आहे. अमेरिकेतील फ्रेडरिक टेलर याने १९०३ आणि १९११ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या लेखनात कारखान्यातील मजूर संगनमताने हळू काम का करतात याचे कारण दिले आहे. वेगाने काम केले की मालक नगामागचा दर कापतो, असा त्यांचा अनुभव असे. म्हणून कोणी पुढे पळू लागला तर इतर त्याला आवरीत. टेलर कामगारांचा कैवारी नव्हता, त्याला अधिकाधिक काम हवे होते. तरीही दरकपातीचा हा दोष त्याने मान्य केला. सोव्हिएत रशियातील कारखान्यांची कथा निराळी नाही. यंदा योजनेपेक्षा जास्त उत्पादन झाले की पुढल्या वर्षीचे लक्ष्य तेथून सुरू होई. म्हणून शहाणा व्यवस्थापक लक्ष्य ओलांडी, पण बेताने. अर्थशास्त्रज्ञांनी याला 'रॅचेट' असे नाव दिले. रॅचेट म्हणजे एकाच दिशेने फिरणारे, मागे न येणारे दातेरी चाक.

माझ्या यजमानांना यातले एकही नाव ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते ते मीटर. आणि जे बापाला खात्यात वीस वर्षांत कळले ते मुलाला खेळात वीस दिवसांत कळले होते. त्याने मला अगदी सहज सांगितले की पुढच्या स्पर्धेपर्यंत तो संघ वाढविणार नाही, "खालीच राहणार". मला येथे खरा धोका दिसतो. या मुलांचा वेळ जातो, डोळे बिघडतात, हे आपण सारेच बोलतो आणि ते खोटे नाही. गुजरात सरकारने जानेवारी २०१९ मध्ये प्राथमिक शाळांत पबजी खेळू देऊ नये असे परिपत्रक काढले. त्याच वर्षी मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी त्या खेळावर बंदी घालून काही तरुणांना अटकही केली. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यांत पबजीही होता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैशाची पैज असलेले ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले, आणि ई-क्रीडा व साधे सामाजिक खेळ त्यांपासून वेगळे काढले. हे सर्व निर्णय खेळावे की नाही, पैसे लावावे की नाही, एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात. जो खेळ कायदेशीर आहे, त्यात मुलगा काय शिकतो आहे, हे कोणी विचारीत नाही. हा मुलगा शिकत होता की आपली वाढ लपविणे हे शहाणपण आहे.

खेळ रचणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. दोन वर्षे खेळणाऱ्याच्या संघापुढे काल आलेला मुलगा कधीच टिकणार नाही. सर्वांना एकच शत्रू दिला तर नवख्याने स्पर्धेत उतरावेच कशाला? म्हणून प्रत्येकास त्याच्या मापाची चढण. हा युक्तिवाद मला अर्धा पटतो. उरलेला अर्धा न पटण्याचे कारण असे की, चढण नेमकी जेथे असह्य होते तेथेच पैसे देऊन ताकद विकत घेण्याची खिडकी उघडते. डोंगर रचणारा आणि डोलीवाला एकच असेल, तर चढणीच्या मोजमापावर विश्वास कोणी ठेवावा?

पण अर्धा जो पटतो त्याचे उत्तर मानवाने फार पूर्वी शोधलेले आहे. चढण वेगवेगळी द्यावयाची असेल तर गुणही चढणीप्रमाणे द्यावे. जिम्नॅस्टिक्समध्ये २००६ पासून कसरतीच्या काठिण्याचे गुण वेगळे आणि सफाईचे वेगळे धरतात. आपली दीपा कर्माकर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 'प्रोदुनोवा' ही अतिशय धोक्याची उडी घेऊन चौथी आली. त्या उडीचे काठिण्य ७ गुणांचे होते. सोपी उडी सफाईने मारणाऱ्या मुलीशी तिची तुलना झाली, पण तिने पत्करलेला धोका हिशेबात धरून झाली. पदक ०.१५ गुणांनी हुकले तेव्हा सारा देश हळहळला, मात्र तिच्यावर अन्याय झाला असे कोणी म्हटले नाही.

बुद्धिबळात तर हे गणित इतके उघडे आहे की शाळकरी मुलाने घरी करून पाहावे. आर्पाद एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकविणारे प्राध्यापक. त्यांची मानांकनाची पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. तिचे मर्म असे: दोघांच्या मानांकनात २०० गुणांचा फरक असेल तर वरच्याने चार डावांत सुमारे तीन गुण मिळवावे अशी अपेक्षा धरतात. त्याने तेवढेच मिळविले तर मानांकन जवळजवळ हलत नाही. खालच्याने वरच्याला हरविले तर त्याला भरघोस वाढ मिळते, आणि वरच्याने खालच्याला हरविले तर चिमूटभर. म्हणजे येथेही तुम्ही वाढलात की तुमची परीक्षा कडक होते. पण नियम छापलेला आहे, मोठ्याला हरविण्याचे मोल मोठे आहे, आणि समोर बसलेला माणूस तुम्हांला पाहून रातोरात बदलत नाही. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकली, तेव्हा अंतिम फेरीत तिने आपल्याहून कितीतरी अनुभवी अशा कोनेरू हंपी यांना टायब्रेकमध्ये हरविले आणि त्या विजयाने ती थेट ग्रँडमास्टर झाली. मोठ्याशी झुंजल्याचे मोल पटावरच चुकते झाले.

पालकांना याहून जवळचे उदाहरण हवे असेल तर जेईई मेनचे घ्यावे. वेगवेगळ्या सत्रांत वेगवेगळे पेपर. कोणाचा सोपा, कोणाचा अवघड. म्हणून २०१९ पासून तेथे कच्चे गुण थेट न तोलता, त्या त्या सत्रातील किती टक्के परीक्षार्थी आपल्या बरोबरीस वा खाली आहेत ते पाहतात. या पद्धतीवरही कुरकुर होते, आणि काही कुरकुर रास्तही असेल. परंतु अवघड पेपर सोडविणाऱ्याचा आणि सोपा पेपर सोडविणाऱ्याचा हिशेब सरळ एका तागडीत घालू नये, हे तत्त्व तेथे मान्य आहे.

एवढे सगळे सांगितल्यावर स्वतःच्या दप्तराकडे पाहणे भाग आहे. मी तरुण प्राध्यापक असताना वर्गात अंतर्गत चाचण्या घेत असे. अक्षरे ओळखीची झालेली असत. एका चाचणीनंतर एक विद्यार्थिनी दोन उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे आली. एक तिची, दुसरी मैत्रिणीची. प्रश्न एकच, मुद्दे तेच, तिची भाषा अधिक नेटकी. तिला दहापैकी सहा आणि मैत्रिणीला सात. तिने विचारले, "सर, फरक काय आहे?" मी ऐटीत म्हणालो, "तुझ्याकडून माझी अपेक्षा जास्त आहे." त्या वर्षी वर्गात पहिल्या येणाऱ्यास पुस्तकांचे बक्षीस होते. ते तिला मिळाले नाही. एका गुणाने गेले. तिने पुन्हा विचारले नाही. पुढील चाचण्यांत तिची उत्तरे आखूड होत गेली, एवढे मला आठवते. तिचा उत्साह ओसरला असे मी तेव्हा समजलो. गोडादऱ्यातील त्या मुलाने "खालीच राहणार" म्हटले तेव्हा मला पहिल्यांदा उमगले की कदाचित ओसरला नसेल. तिने माझे माप ओळखले असेल.

आपल्या गुरुजींची रीत याहून शहाणपणाची होती. जुने विद्यार्थी सांगतात की हुशार मुलास ते रोज एक अवघड गणित जादा देत, पण वार्षिक परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासताना नावाच्या जागेवर कागदाची पट्टी चिकटवून ठेवीत. सरावात चढण ज्याची त्याची, परीक्षेत माप सर्वांचे एक. खेळ रचणाऱ्या तज्ज्ञांना आठवडाभर या शाळेत आणून बसवावे, असा विचार ही हकिकत ऐकताना माझ्या मनात आला.

येथील माजी विद्यार्थी संघ येत्या स्नेहसंमेलनात मुलांसाठी मोबाइल खेळाची स्पर्धा ठेवू इच्छितो, असे मला कळले. काही ज्येष्ठांना ते रुचलेले नाही. माझे मत विचारले गेले, म्हणून सांगतो. स्पर्धा अवश्य ठेवावी. खेळ असा निवडावा की ज्यात सर्वांपुढील चढण एक असेल, किंवा वेगळी असल्यास तिचे गुण वेगळे मिळतील. ते कोष्टक आठ दिवस आधी फळ्यावर लावावे. पैसे देऊन ताकद विकत घेण्याची सोय ज्यात आहे असा खेळ बाद धरावा. आणि पंच म्हणून आमच्या त्या नववीतल्या मुलाला बसवावे. त्याने आपल्या वहीत गेल्या चार स्पर्धांचे आकडे तारीखवार उतरविले आहेत. एका स्तंभात स्वतःची ताकद, दुसऱ्यात शत्रूची. मी वही तपासून पाहिली. बेरजेत एक चूक होती, ती त्याने तेथल्या तेथे दुरुस्त केली.